तुझी व्हॅन विकली

प्रिय लंबू,

तुझी व्हॅन विकली. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या आठवड्यात तुझी लेक माझ्याकडे येऊन गेली, पण तिने तुला काही सांगितलं असेल असं वाटत नाही. 'काकांकडे अजून काम चालू आहे' असंच म्हणत असेल बिचारी. काम नऊ महिन्यांपूर्वीच संपलं. तू इंजिनाच्या कामाला गाडी लावून गेलास आणि चौथ्या दिवशी तुला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी मात्र कामात कसर ठेवली नाही. पिस्टन नवे टाकले, गॅस्केट नवं टाकलं. चालू केल्यावर असा एकसारखा आवाज आला की मलाच बरं वाटलं. मग शेडमागच्या भिंतीला लावून ठेवली, आणि दुरुस्तीच्या बिलावर जागेचं भाडं चढू लागलं.

सोडून दिलेली गाडी विकायची तर नियम साधा आहे. मालकाला तीन नोटिसा, रजिस्टर पोस्टाने, नोंदणीच्या कागदावर असेल त्या पत्त्यावर. मग पेपरात जाहिरात, मग लिलाव. तुझ्या कागदावर जुन्या खोलीचा पत्ता होता. ती खोली लेकीने रिकामी केली आणि तुला आपल्या घरी नेलं, हे मला माहीत होतं. सामान न्यायला टेम्पो मीच दिला होता. तिचा नवा पत्ता आणि फोन नंबर माझ्या वहीत आहे, तिच्याच अक्षरात. तरी तिन्ही नोटिसा मी कुलूपबंद खोलीवर पाठवल्या. तिन्ही परत आल्या, वर पोस्टमनचा शेरा, 'घर बंद'. एकेक पाकीट मी न फोडता फाइलला लावलं. त्या दिवसांत मला जेवण गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

लिलावाला तिघे आले. त्यातला एक नुसताच बघायला आलेला. गाडी कोंबड्या पोचवणाऱ्या एका माणसाने घेतली. त्याला आतल्या सीटा नको होत्या, म्हणून त्याने त्या माझ्याच अंगणात उचकटल्या. शाळेच्या मुलांसाठी तू ठेंगण्या सीटा बनवून घेतल्या होत्यास ना, त्या. दप्तरं अडकवायचे हूकही गेले. माझी भरपाई झाली, वर काही उरलं नाही.

दोन दिवसांनी तुझी लेक आली. गाडी चालवायचा परवाना काढलाय, शाळेने मुलं ने-आण करायचा बाबांचाच रस्ता मला द्यायचं कबूल केलंय, असं दारातूनच सांगत आली. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाइल पुढे ठेवली. तिने सगळे कागद वाचले. मग म्हणाली, "काका, माझा नंबर होता ना तुमच्याकडे?" मी म्हटलं, बाळ, नियमाने पत्ता कागदावरचाच धरतात. ती रडली नाही. परवाना पर्समध्ये परत ठेवताना एवढंच म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, काही अडलं तर डावऱ्याकाकाकडे जा, तो मला भावासारखा आहे." चहा तसाच राहिला.

भावासारखा. लंबू, एकतीस वर्षांपूर्वी आपण दोघं एकाच मिस्त्रीकडे, गाडीखालच्या एकाच खड्ड्यात उतरून काम करत होतो. त्या संध्याकाळी तुला मुलगी बघायला जायचं होतं. शाळेतल्या एका मास्तरांच्या गाडीच्या ब्रेकचं काम तू करत होतास. हात धुता धुता म्हणालास, "काम झालंय रे, कामाच्या कार्डावर तेवढी तुझी सही ठोक, मला उशीर होतोय." मी ठोकली. तुझ्या शर्टाची कॉलरही मीच सरळ केली. दुसऱ्या दिवशी उतारावर मास्तरांच्या गाडीचा ब्रेक लागला नाही. मास्तर वाचले, त्यांची बायको जागीच गेली. ब्रेकच्या पाइपचा नट हातानेच फिरवून सोडलेला होता, पाना लागलाच नव्हता. पोलिसांनी तुला विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मला काही माहीत नाही. सही त्याची आहे."

मला दोन वर्षांची शिक्षा झाली. आई मी आत असतानाच गेली, आणि अखेरपर्यंत तिला वाटत होतं की ती बाई आपल्या मुलाच्या हातून मेली. तुझं मात्र त्या बघितलेल्या मुलीशी लग्न झालं. बाहेर आल्यावर मला कुणी पान्याला हात लावू देईना. अकरा वर्षं गाड्यांची पोटं धुतली, तेव्हा कुठे ही शेड उभी राहिली. मग एक दिवस तू व्हॅन घेऊन आलास, "काय डावऱ्या" म्हणत पाठीवर थाप मारलीस. झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. मी वाट बघितली. दर वर्षी तू यायचास, मी ब्रेक करायचो, आणि तू माझ्यासमोर खाली वाकून प्रत्येक नट पुन्हा पाना लावून तपासायचास. हसत म्हणायचास, मुलांची गाडी आहे रे. मीही हसायचो. कागद नीट असले की माणूस सुटतो, हे तूच मला शिकवलंस.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. तुझ्या नजरेला अक्षरं लागत नाहीत, आलेली पत्रं लेकच तुला वाचून दाखवते, हे तिनेच मला सांगितलं. म्हणून हे तुझ्यासाठी लिहिलं आणि पाकिटावर यावेळी बरोबर पत्ता घातला. तेव्हा बाळ, इथवर मोठ्याने वाचलं असशील तर आता थांबू नकोस. त्या संध्याकाळी बाबा बघायला गेले ती मुलगी म्हणजे तुझी आई. बाबा डोळे एकदा मिटून 'हो' म्हणतात आणि दोनदा मिटून 'नाही', असं तू सांगितलं होतंस. पत्र खाली ठेव, त्यांच्यासमोर बस आणि विचार, तो नट कुणाच्या हातचा होता. उत्तर मला कळवायची गरज नाही.

तुझाच,
डावऱ्या