अठरावी चूक

शनिवार, १८ जानेवारी
शुभ्राने आज आम्हा आईबापांना पिक्चरला नेलं. तिकिटंही तिनेच काढली. नवलच. बर्फातली चौकी, सगळे मागे फिरतात, एकटा कॅप्टन थांबतो. पण जनरेटरच्या मीटरचा काटा शून्यावर आणि दिवे लख्ख! वायरलेसला एरियल नाही, तरी हा आईशी बोलतो. एकूण सतरा चुका. पॉपकॉर्नच्या पिशवीवर टिपून घेतल्या.
शोभना म्हणाली, "अहो, मग शेवटी तुम्ही चष्मा का पुसत होतात?"
एसी फार होता.

सोमवार, २० जानेवारी
तेलाच्या टर्मिनलवर जेवताना सिरिलला यादी वाचून दाखवली. वसईचा, माझ्याच शिफ्टचा. पाचव्या चुकीलाच म्हणाला, "खलास कर रे सुजीत. तिथे माणूस मेला, आणि तू काटा बघतोस?"
काटाच बघणार. चोवीस वर्षं तेच करतोय, एकही कोर्स न करता. डिग्रीवाले इंजिनियर माझ्याकडून मीटर तपासून घेतात.

मंगळवार, २१
अठरावी सापडते का म्हणून पिक्चर पुन्हा बघावा म्हणतो. शोभना म्हणाली, एकटे जा.

शुक्रवार, २४
शुभ्राने पुढ्यात फॉर्म ठेवला. सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा. वय सतरा, म्हणून बापाची सही हवी.
"पप्पा, आय ॲम सीरियस. मंडे इज द लास्ट डेट."
म्हणजे पिक्चर त्यासाठी होता!
म्हटलं, "शेवटी कॅप्टनची आई दारात उभी असते, ती पाहिलीस ना?"
मग मुद्दाम मराठीत म्हणाली, "त्या सीनमध्ये तुम्ही किती चुका काढल्या?"
एकही नाही.
"इन्शाल्ला," म्हणून उठलो. असं म्हणून इथे आखातात किती कामं टाळली जातात, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक.

शनिवार, २५
फॉर्म वाचला. 'कायमचा पत्ता' या रकान्यात पोरीने माझ्या कंपनीचा पी. ओ. बॉक्स लिहिलाय, फुजैरा. जन्मापासून घरची पत्रं तिथेच आलेली पाहिली तिने. सूचनांमध्ये ठळक छापलंय — भारतातलाच पत्ता हवा, नाहीतर अर्ज बाद.
म्हणजे मी नुसता गप्प बसलो, सही करून दिली, की काम होतं. माझ्यावर आळही नाही.
शोभनाला सांगितलं नाही. दुपारभर पेन हातात.

रविवार, २६
पी. ओ. बॉक्स खोडला. सांगलीच्या आपल्या घरचा पत्ता घातला, पिनकोडसकट. खाली सही केली.
चष्मा पुसावा लागला. एसी बंद होता.