बाईचं वावर आणि मेलेला शब्द

३ मे ५४, तळेगाव
होळीपासून वही कोरी. लिहितो लिहितो म्हणून टाळत आलो. लिहिलं की खरं होईल असं वाटे. बाईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, वावर, दाजींच्या वाट्याचं शेत, गेल्यातच जमा आहे.
मागच्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर दाजी वारले. नव्या विधवेचा हात बियाण्याला लागू देत नाहीत, म्हणून ज्वारीची पहिली मूठ तिच्या भासऱ्यानं, दाजींच्या थोरल्या भावानं, नामदेवरावानं, टाकली. ज्याची मूठ त्याचं पीक, अशी गावची रीत. भासऱ्याशी बोलायची रीत नाही. बाई सासूला बोलली, सासू लेकाला : "यंदापुरती टाक." आता तो म्हणतो कायमची दिली. कागदावर वावर दोघा भावांचं एकत्र, थोरल्याच्या नावावर. वाटणी सारी तोंडी. अन् सासू जेवते त्याच्याच घरी.

११ मे, वर्धा
आर्वीच्या बैलबाजारात रमलो, म्हणून उशीर. एक खिल्लारी जोडी काय देखणी... असो.
म्हाताऱ्या वकीलसाहेबांकडे गेलो. मागं त्यांची पुस्तकं वाहून न्यायचो. सगळं ऐकून त्यांनी जाड इंग्रजी कोश उघडला. "अक्रोच. कचेरीत एन्क्रोचमेंट म्हणतात ना, त्याचा हा चुलता. मूळ फ्रेंच. आकडीनं ओढून घेणं."
मला आंबे पाडायची आकडी दिसली. फांदी शेजाऱ्याची, आंबा आपला.
पुढं इंग्लंडात सरदार राजाचा अधिकार परस्पर वापरू लागले, तर त्यांच्यावर हाच शब्द. राजद्रोह. मुंडकं जाई.
"अन् आता?"
"आता कोणी वापरत नाही. मेला."
"मंग मले काऊन सांगून राह्यले, साहेब?"
"तुझ्या कामात सांगण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून. साक्षीदार आण."

२२ मे, तळेगाव
पारावर पंच बसले. नामदेवराव : "मूठ म्या मांगली नाई. तिनंच देली, कायमची."
सरपंच : "कोनासमोर?"
बाई पदराआडून : "आत्याबाईसमोर."
सासूला बोलावलं. ती लेकाकडं बघेना, सुनेकडंही नाही. "मले आता आठवत नाई, बापा."
मी उठलो. आकडी, फ्रेंच, राजा, मुंडकं, सगळं सांगितलं. सरपंच म्हणाले, "बबन, तुह्या त्या राजाले वावर किती होतं रे?" सारा पार हसला. मीही हसलो थोडा. लाज वाटली नंतर.
ठरलं : मृगात मूठ नामदेवराव टाकील. बाईला दाणे देईल, त्याच्या मर्जीनं.

४ जून
बाईनं बियाण्याची ज्वारी मडक्यातून काढली. दळते आहे.
"बाई, बियाणं हाय ते."
"कायच्यात पेरू? अंगणात?"
पुलगावच्या गिरणीत माणसं घेतात म्हणे. जावं का? पण बाई एकटी... कोशात शब्द मेला, पण आकडी तिथंच...
जातं थांबलं. उठून पाहिलं तर ओट्यावर सासू. एकटी, काखेत लुगड्याचं गाठोडं. थोरल्याचं घर सोडून ही कुठं जात नाही.
बाईनं पाणी पुढं केलं. घेतलं नाही. सरळ जात्यापाशी येऊन बसली, खुंट्यावर हात ठेवला. बाईला दळू देत नाही.
"काय झालं, आत्याबाई?"
न दळलेली ज्वारी ती मुठीमुठीनं परत मडक्यात टाकते आहे.