एकच किल्ली

प्रिय चिमणे,

"बाबा, ते थेंब घरात असेपर्यंत मी पोरीला तिकडे आणणार नाही," असं म्हणून तू फोन ठेवलास. मी रागावलो नाही. मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या नर्सने असं म्हणायचं नाही तर कोणी? खाऊ समजून गांजाची गोळी खाल्लेलं ते पोर तू पाहिलंस, हाका मारूनही डोळे उघडत नव्हतं, हे तूच मला सांगितलंस. तेव्हा हे पत्र म्हणजे भांडण नाही. पण बापाची खोड तुला ठाऊक आहे. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, त्यामुळे बंद वस्तू समोर आली की ती आतून कशी चालते हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऑपरेशननंतर आईच्या पायात जी कळ राहिली, तिच्यावर डॉक्टरांनी गांजाच्या तेलाचे थेंब सुचवले आणि मी चौकशांच्या मागे लागलो.

पहिल्यांदा गांजाच्या परवान्याच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे वयाचा पुरावा मागितला. माझं डोकं कापसासारखं पांढरं, तरी मागितला. आई तोंडाला पदर लावून हसत होती, मी मात्र मनातून खूश झालो. मला वाटलं होतं, या देशात गांजाला एकदा परवानगी आहे म्हणजे आहे. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी माझी ती समजूत खोडून काढली. सज्ञान माणसाने घरात ठराविक मर्यादेपर्यंत ठेवायला हरकत नाही, पण रस्त्यावर, बागेत घ्यायचं नाही. घेऊन गाडी चालवायची नाही. लहानांच्या हाती पडलं तर जबाबदार आपण. आणि सीमेपलीकडे न्यायचं नाही, तिकडे चालत असलं तरी नाही. शिवाय गाव बदललं की नियम बदलतो, म्हणून दर वेळी विचारून घ्या म्हणाल्या. बाहेरून एक दार दिसतं, आत खटके बरेच. मला तर मजाच वाटली.

औषधवाल्याकडे मात्र मजा वाटली नाही. झाडाचंच आहे, त्याने काय होतंय, असं मी बोलून गेलो आणि त्याने मला चांगलाच फैलावर घेतला. चक्कर येते, छाती धडधडते, विसरायला होतं, काहींना सवय जडते. ओढलं तर फुप्फुसं खराब होतात. कोवळ्या वयातल्या मेंदूला ते सोसत नाही, गरोदर बाईने घेऊ नये, ज्यांच्या घरात मनाचे आजार आहेत त्यांनी तर लांबच राहावं. पोटातून घेतलेलं सावकाश चढतं. काहीच होत नाही म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतं. आई रक्त पातळ करण्याची गोळी घेते हे ऐकल्यावर तर त्याने बाटली परत स्वतःकडे ओढून घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला. रक्त तपासून, अगदी थोड्यावर सुरू झालं. पहिले काही दिवस ती भिंत धरून चालायची, तोंड कोरडं पडायचं. नंतर एका सकाळी शिवणयंत्रावर बसली आणि पडद्याची एक अख्खी किनार न उठता शिवली. मी विचारलं, गेली का कळ? म्हणाली, "गेली कुठे? शेजारच्या खोलीत जाऊन बसली आहे."

मग मी पेटी केली. जाड पत्र्याची, कपाटाच्या वरच्या फळीवर भिंतीत पक्की बसवलेली. बाटली तिच्या मूळ वेष्टनातच आत, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. कुलूप असं, की मला स्वतःला उघडायला घाम फुटावा. आणि मग तुझ्या या शहाण्या बापाने काय केलं? धंद्याचा शिरस्ता पाळला. कुलूप बनवलं की जोडकिल्ली करायची, चिठ्ठी बांधायची आणि किल्ल्यांच्या फळ्यावर टांगायची. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं, 'आईचे थेंब'. टांगली खालच्या रांगेत, जिथे तुझी लेक स्टुलावर बसून किल्ल्या जुळवायचा खेळ खेळते. आईने ती पाहिली, काढली आणि माझ्यापुढे धरली. ती जोडकिल्ली मी त्याच वेळी कानशीने घासून सपाट केली. बिनजोडकिल्लीचं कुलूप माझ्या हातून घडलेलं हे पहिलंच.

आता खरं सांगतो. हे पत्र मी आईच्या सांगण्यावरून लिहायला बसलो आणि तिने मला फक्त एक ओळ सांगितली होती: घरात आता ते काही नाही, पोरीला घेऊन ये. ओळ खरी आहे. तुझ्या फोननंतर ती एकटीच औषधवाल्याकडे गेली आणि बाटली नष्ट करायला देऊन आली. माझी पेटी रिकामी आहे. कळ शेजारच्या खोलीतून परत आली आहे. पडदा यंत्रावर अर्धाच पडून आहे, आणि ती मला सांगते की उजेड नीट नाही म्हणून शिवत नाही. तुला हे कळू द्यायचं नाही अशी मला तिची सक्त ताकीद आहे, कारण तिला नात हवी आहे आणि त्यासाठी ती काहीही सोसेल. मला दोन्ही हवं आहे गं. म्हणून तू ये, आधी हवं तर एकटी ये. पेटी हलवून बघ, ठोकून बघ, काय कमी आहे ते मला सांग, मी पुन्हा करेन. तुम्ही इथे असाल तोवर किल्ली तुझ्याच गळ्यात राहू दे. आणि ते थेंब परत सुरू कर, असं तिला तूच सांग. माझं ती ऐकत नाही. या पाकिटात आहे ती त्या पेटीची एकमेव किल्ली आहे.

तुझाच,
तुझी आणि पोरीची, दोघींची वाट पाहणारा
बाबा