पाचरीची जाड बाजू

दौंड,
ता. १८ फेब्रुवारी २००२

चि. ज्ञानदेव यास,
हौसरावाचे अनेक आशीर्वाद.

इकडं आमचं बरं चाललंय, तुमचंही तसंच असावं. आईच्या गुडघ्यांना निरगुडीचा शेक देताय ना? ती नको म्हणेल, तिचं ऐकू नका. चांगुणाची चक्कर थांबली का? तिला सांग, मोठ्या दिरानं नाही, भावानं विचारलंय. धनश्रीची दहावीची परीक्षा तोंडावर आली, पोरगी रात्री जागून डोळे खराब करत नाही ना? तांबडी गाय व्याली का? आणि तू, तुला झोप लागते का रे?

तुझ्या वहिनीनं कुरडया घातल्यात. तुमच्यासाठी डबा भरून ठेवलाय, कुणी शिरूरला येणारं भेटलं की पाठवते.

अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यागत आलंय, हसू नकोस. चष्मा बदलायला झालाय.

मुद्द्यावर येतो. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. बूथवर माणसापेक्षा कान जास्त.

सोपानरावाची जीप माझ्या गॅरेजात आली होती. आली कसली, ट्रॅक्टरनं ओढून आणली. वाळूच्या धंद्यावरची तीच जीप. नदीत पोट घासू नये म्हणून स्प्रिंगचे पाटे मागच्या ॲक्सलच्या हौशिंगच्या वर चढवून तू उंच करून दिलेली. कुरकुंभच्या पुढं भरधाव असताना गिअरबॉक्सजवळ शाफ्टाला धरणारा क्रॉस तुटला. सुटलेला शाफ्ट खालचा पत्रा फाडून फिरत फिरत वर आला. ड्रायव्हरच्या मांडीत शिरला. सीटवर, आरशावर, टपाच्या कापडावर, नको तिथं रक्त. मी बादल्यांवर बादल्या ओतल्या, तरी माशा हटेनात.

मी खाली सरकलो. गाडी उंच केली की शाफ्टाची मान वाकडी होते, ती सरळ करायला पाटा आणि हौशिंगच्या मधी लोखंडी पाचर घालतो आपण. पाटे वर चढवलेले असले तर जाड बाजू मागं. म्हणजे हौशिंगचं तोंड, शाफ्ट बसतो ते, वर उचलतं आणि शाफ्ट सुखानं फिरतो. जाड बाजू पुढं ठेवली तर तोंड आणखी खाली जातं, क्रॉस आवळला जातो, आज ना उद्या तुटतो.

दोन्ही पाचरींची जाड बाजू पुढं होती.

आठवतंय का, आपण पहिल्यांदा उलटी घातली तवा शाफ्ट निखळून आईच्या खुराड्यात घुसला होता? कोंबड्यांची पिसं उडाली आणि आईनं आपल्या दोघांना केरसुणीनं झोडपलं. कुणी शिकवणारं नव्हतं, असंच मार खात शिकलो. तेव्हापासून तू जाड बाजूवर छिन्नीनं चांदणी ठोकतोस, चूक होऊ नये म्हणून. तुझी चांदणी पुढं होती, ज्ञानदेव. दोन्हीकडं.

चिठ्ठीच्या सुरुवातीला सगळ्यांची नावं घेतली. एक नाव घ्यायला पेन रेटेना.

तुझ्या पोराला, आपल्या मल्हारला, सोपानरावानं त्याच जीपनं नदीच्या पात्रात रेटत नेलं. विहिरीजवळ वाळू उपसू नका म्हणून पोरगं आडवं उभं राहिलं, एवढाच गुन्हा. अंगावरनं एकदा पुढं, एकदा मागं. मी धुतलं होतं त्याला शेवटी, मला माहीत आहे काय उरलं होतं. अपघात म्हणून कागद मिटला. आणि तोच सोपानराव तीच गाडी घेऊन तुझ्या दारात आला, "झालं गेलं नदीला मिळालं, गाडी उंच करून दे" म्हणाला. चांगुणानं हे सांगितलं तवा मी ताट सारून उठलो. तू ते काम घेतलंस कसं, याचा मी विचार करत होतो. पाचर बघितली आणि समजलं.

खोटं कशाला बोलू? सोपानराव मेला असता तर मी साखर वाटली असती.

पण गाडी बन्सी चालवत होता. कुशाबाईचा बन्सी, केडगावचा. दिवाळीनंतर या नोकरीला लागलेला, त्याआधी कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत शिफ्ट करायचा. मल्हार गेला तवा त्यानं ती जीप बघितलीही नव्हती. त्याचा पाय मांडीतून कापला. कुशाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून येईल त्याला विचारते, "कापलेला पाय कुठं ठेवतात वो? मला द्या, मी मातीत घालते." सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथं सुकं तसंच राहिलं, ओलंच जळलं.

सोपानराव माणसं घेऊन आला. मी तोवर पाचरी काढून चांदण्या ग्राइंडरवर घासून टाकल्या होत्या.

"मिस्तरी, काम तुझ्या भावाचं हाय. चुकून झालं का मुद्दाम, तेवढं सांग. मुद्दाम असंल तर त्याला पोराच्या शेजारी पुरतो."

मी म्हटलं, "मालक, चूक माझी. उंच गाडीचं काम त्यानं बऱ्याच दिसांनी घेतलं, म्हणून फोनवर विचारलं. जाड बाजू पुढं ठेव, असं मीच सांगितलं. वय झालं, उलटंसुलटं होतंय."

"फोन कुठल्या हातात धरला व्हता?"

मला वाटलं चेष्टा करतोय. हसून म्हटलं, "उजव्या."

त्याच्या दोन माणसांनी तो हात ऐरणीवर दाबून धरला आणि सोपानरावानं जॅकचा दांडा घातला. बोटं आधी, मग मनगट. हाडाचा आवाज सुक्या तुऱ्हाट्यांसारखा येतो बघ. तुझी वहिनी धावत आली, तिला ढकलून दिलं. तिच्या कपाळाला खोक पडली, आता सुकलीय. जाताना म्हणतो कसा, "आता कुणाला शिकवू नको."

तर चष्म्याचं खोटं होतं. हे डाव्या हातानं लिहितोय. चांगुणाला, आईला सांगू नकोस. तुला सांगतोय ते उपकार म्हणून नाही. तू मला दादा म्हणतोस, एवढंच.

आता खरं काम. मला पाना धरता येत नाही, म्हणून जीप तुझ्याकडंच येतेय, येत्या आठवड्यात. नवा शाफ्ट ते आणतील, पाचरी तुला घालायच्यात. धाकटा आता नीट करील, असा शब्द मी दिलाय. आणि हेही लपवत नाही, बन्सी पडल्यापासून सोपानराव गाडी स्वतः चालवतो. तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. माझ्याही आलं. ऐरणीजवळ बसून, हात फडक्यात गुंडाळून, दिवसभर तेच येत होतं.

पण त्याच्या शेजारी कोण बसेल, रस्त्यात आडवं कोण येईल, हे तुला ठाऊक नाही. मागच्या वेळीही नव्हतं. मल्हार लोकांच्या विहिरीसाठी उभा राहिला. त्याच्या नावावर आणखी एका आईचं पोरगं लिहू नकोस रे.

सोपानरावाचं काय करायचं ते दोघं मिळून बघू, उघड्यावर, माणसांत. मी एका हाताचा का होईना, येतो.

वाचून झालं की ही चिठ्ठी चुलीत घाल. आणि उत्तर लवकर लिही. लांबलचक नको. कशाला, का, काही नको. जाड बाजू कुठं ठेवलीस, तेवढंच लिही. तोवर मी रोज पोस्टमनच्या वाटेवर बसून आहे.

तुझा,
दादा