नवऱ्याच्या नावाचं खातं

३ नोव्हेंबर २००३, चिखली
आली एकदाची! भावजयीच्या तोंडातून सुटली. किसनराव सरांच्या कॉम्प्युटर क्लासात झाडू मारायचा, मागच्या खोलीत राहायचं. मशीन सांभाळणारा पुण्याले पळाला. म्हटलं, मीच शिकीन. सर हसले. म्हणे, केसरबाई, मशीन चालवणारं हे लिनक्स काय भाकर आहे का? अनुभव लागते. मी म्हटलं, पहिली भाकर कोणत्या अनुभवानं थापली होती? एक जुनं मशीन दिलं. म्हणे, तोडा, जोडा, पंधरा तारखेले पाहतो. जमलं तर नोकरी. नाही तर परत वरवट बकाल, भावजयीच्या दारात.

८ नोव्हेंबर
दोनदा मोडलं, दोनदा बसवलं. सातवी नापास मी, इंग्रजी हुकूम चित्रासारखे पाठ केले. आज मशीनवर माणसाचं खातं उघडायले शिकली. सर म्हणे, प्रत्येकाले तीन हक्क असतात. हुकूम चालवायचा, वाचायचा, लिहायचा. द्यायचे का काढायचे, ते मशीनच्या मालकाच्या हातात, म्हणजे सध्या तुमच्या. सरावाले नाव पाहिजे होतं. मेलेल्या नवऱ्याचं टाकलं. तोंडानं कधी घेतलं नाही, बोटानं घ्यायले काय होते? माहेरून आणलेली माही पुस्तकं चुलीत घातली होती त्यानं. त्याले एकही हक्क दिला नाही. म्हटलं, बस आता कोपऱ्यात. लय हसली.

११ नोव्हेंबर
मशीनवर कोण कोण आहे, ते दाखवणारा हुकूम शिकली. दोघं दिसले. मी, अन् तो. सर म्हणे, चुकून उघडं राह्यलं असन, हाकला. हाकललं. खातंच पुसलं.

१३ नोव्हेंबर
परत आहे. आता मालक तो, मी साधी. माहा चालवायचा हक्क काढला त्यानं. मशीन माहं काहीच ऐकत नाही. सरांले सांगितलं तर म्हणे, म्हणूनच अनुभव लागते, बाई.
खोलीत जळक्या कागदाचा वास —

१४ नोव्हेंबर
तार उपटली. पडदा चालूच.
सकाळी दुकानाच्या पाट्या वाचता येईनात. नुसत्या मुंग्या. वर काय लिहिलं तेही — हात सवयीनं चालते, डोळे नाही. वाचायचा हक्कही गेला —

१५ नोव्हेंबर
सर आले. पडद्यावरचं त्याचं नाव सरांनी मोठ्यानं वाचलं, सगळं काम फटाफट. सर खूश. म्हणे, हा कोण? यालेच ठेवतो. तुम्ही गावाले जा.
मी केलं, म्हटलं. मी शिकली — ऐकलंच नाही —
एकच हक्क राह्यला माह्याजवळ. मागून मनगट धरलं त्यानं. सोड, मेल्या — हा नाही देत — मी लिहि