पलंगाखालचं इंग्लंड

३ मार्च
सुनेला सहावा महिना. इनेश पोर्तुगीज आहे, तिचा त्यात दोष नाही. जेवताना रुपर्ट म्हणाला, "ममी, बाळ इंग्लंडात जन्मायला हवं. तू तिकडे जन्मलीस, म्हणून मी इथे पोर्तुगालात, ओपोर्तोत जन्मूनही ब्रिटिश झालो. माझ्यामुळे बाळ ब्रिटिश होणार नाही. कायदा एकच पिढी पुढे जातो." रक्त म्हणजे काय नळ आहे, तोटी फिरवली की बंद? दोघं डेव्हनला माझ्या चुलतबहिणीकडे, एनिडकडे, जाऊन राहणार म्हणे. मे महिन्यात चर्चची जत्रा आहे. जॅम विकायला टेबलाशी कोण बसणार?

८ मार्च
निश्चय: सुनेशी गोड बोलायचं. सकाळी प्रेमानं सांगितलं, एनिडसमोर तू सूप भुरकणार, त्यापेक्षा इथेच बाळंत हो. रडली. गरोदर बायका रडतातच.

१४ मार्च
एनिडला परस्पर फोन केला, ती दोघं येत नाहीत. मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. रुपर्टच्या वेळी सासूबाईंनी माझ्या पलंगाखाली इंग्लंडची माती ठेवली होती. रुपर्ट ब्रिटिश झाला. आणखी काय पुरावा हवा? इथल्या आमच्या जुन्या इंग्रज घराण्यांतून पूर्वी हेच करत. एनिडला म्हटलं, माती पाठव.

२ एप्रिल
एनिडनं त्यांची खोली दुसऱ्या कोणाला भाड्यानं दिली. रुपर्टनं विचारलं, "फोन तू केलास?" म्हटलं, विमानात बाळाला त्रास झाला असता. तो दार आपटून बाहेर गेला. बापाच्या वळणावर गेला आहे.

११ एप्रिल
माती आली, बिस्किटांच्या डब्यातून. आत एक गांडूळ, जिवंत. प्रवास सोसला. ब्रिटिशच तो.

२४ मे
जत्रा झाली. जॅम फारसा खपला नाही. लोकांची चव बिघडली आहे.

९ जून
नातू! नाक माझं. डबा वेळेवर पलंगाखाली सरकवला. नर्स ओरडली, "आजीबाई, ती कुंडी आधी बाहेर काढा!" इनेश ऐन कळांत हसली. तिला गांभीर्य नाही. पण बाळाचं डोकं दिसेपर्यंत डबा आत होता. तेवढं पुरे.

३० जुलै
बाळाला पासपोर्ट नाकारला. क्लबातले वकील थर्लो म्हणाले, "मॉड, रुपर्ट ब्रिटिश झाला तो तुझ्यामुळे. मातीत फार तर बटाटे होतात." यांच्याबरोबर पुन्हा ब्रिज खेळायचा नाही. मात्र एक वाट आहे म्हणाले. तिघांनी तीन वर्षं इंग्लंडात राहायचं, मग बाळाची नोंद करता येते. मी म्हणतच होते, वाट असणार.

३१ जुलै
ब्रिजला गेले. चौथा भिडू मिळत नव्हता.

२ ऑगस्ट
मुलांना सांगितलं, चला, मीही येते, घर मी चालवीन. इनेश बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन वर्षं तुमच्याबरोबर, दोना मॉड? त्यापेक्षा पोर पोर्तुगीज बरं." रुपर्टकडे पाहिलं. तो म्हणाला, "राहू दे, ममी." झोप झाली नसेल त्याची.

१७ सप्टेंबर
बाप्तिस्मा, त्यांच्या चर्चमध्ये. नाव ज्वाकिं. मी आर्थर सुचवलं होतं. इनेशच्या आईनं मला पहिल्या रांगेत बसवलं. "या, या! परदेशी पाहुण्यांचा मान आमच्याकडे पहिला." रीतभात आहे बाईला. फोटोच्या वेळी म्हणाली, "आधी घरची माणसं. इंग्लिशबाई, तुमचा नंतर काढू हं." रुपर्ट घरच्यांत जाऊन उभा राहिला. मी सगळ्या बायकांच्या पर्सा सांभाळल्या. विश्वासाशिवाय कोणी पर्स देत नाही.
नंतर बाळ झोपलं, आणि फोटोवाल्याला दुसरीकडे जायचं होतं.