नमस्कार न केलेला एकच माणूस

सेखोबेमामा,

या मासेरूतल्या माणसांना ताठ उभं राहण्याचा रोग जडलाय आणि मी आता टेकीला आलेय. सकाळपासून हिंडते, बोटं गारठून लाकडं होतात, आणि कॅमेऱ्यात येतं काय, तर खांब. ब्लँकेटं गुंडाळलेले खांब. (नमस्कार राहिलाच. नमस्कार घ्या, मामींनाही सांगा. तुमची कंबर, त्यांचा खोकला आणि ती लंगडी गाय, सगळं बरं असेल. आम्ही बरे आहोत. झालं, आता ऐका.)

चर्चच्या हॉलमध्ये लिनेओ नावाची पोरगी बायकांना फोटो काढायला शिकवते. मी गेले ती तिथल्या रॉकेलच्या शेगडीपायी, खोटं कशाला सांगू. पण कॅमेरा हातात आला आणि वेडच लागलं. इकडे चुलीवर मक्याच्या पिठाचा पाप करपतो, नवरा ओरडतो, आणि मी खिडकीतून शेजारणीची कोंबडी टिपत असते. लिनेओ म्हणते, रस्त्यावरची माणसं त्यांना कळू न देता टिपा. आता माणूस समोर दिसल्यावर 'दुमेला' न म्हणता कसं राहायचं? माझ्या आईनं मला तसं वाढवलं नाही. (तुमचीच बहीण.) म्हणून मी आधी नमस्कार करते. तो विचारतो, कशी आहेस माय. मी बरी असते, तोही बरा असतो. मग त्याची म्हातारी, माझी पोरं, डोंगरावरचा बर्फ. एवढं झाल्यावर कॅमेरा उचलावा तर गडी ब्लँकेट सारखं करतो, टोपी काढतो आणि मयताला आल्यासारखं तोंड करून उभा. संत्रीवालीला म्हटलं, मावशे, माझ्याकडे बघू नको, तू आपली संत्री विक. ती म्हणाली, "न बघता फोटो काढून घ्यायला मी काय मढं आहे?" आणि आजूबाजूच्या सगळ्या विकणाऱ्या बायकांना हाका मारून ओळीनं उभं केलं.

लिनेओ ते फोटो बघून म्हणाली, "माय, तुम्ही पासपोर्टचं दुकान काढा." येत्या रविवारी हॉलमध्ये आमच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. भिंतीवर माझी जागा रिकामी राहणार होती आणि आमच्या शेजारच्या सेइपातीचे तीन फोटो लागणार होते. (तिला धड सुई ओवता येत नाही.)

आणि परवा बसअड्ड्यावर, माकोएन्यांचे पिठाचे गोळे तळणाऱ्या बाईच्या कढईपाशी, मला माझे सासरे दिसले. तेच, ज्यांची छाती भरलीय, अंथरुणातून उठवत नाही, तेव्हा धुणं-सारवण करायला ये, असा निरोप मोरिजाहून आला होता. मी उलट निरोप धाडला होता की माझा गुडघा सुजलाय, खाटेवरून उतरवत नाही. मग काय करणार, कोबीच्या पोत्यांमागे बसकण मारली. (त्याच गुडघ्यावर.) ओळखीच्या माणसाला नमस्कार न करण्याची जन्मातली ही पहिली वेळ, आणि कॅमेऱ्यावरचं बोट कधी दाबलं गेलं कळलंच नाही.

काय फोटो आलाय, मामा. दोन्ही हातांत गरम माकोएन्या, ब्लँकेट खांद्यावरून घसरलेलं, कढईची वाफ दाढीत अडकलेली. तळणारी काहीतरी म्हणाली असेल, सासरे तोंडभर घास ठेवून हसताहेत. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, म्हणून लग्नापासून मी त्यांचे फक्त बूट ओळखते, अड्ड्यावरही ओळखलं ते बुटांवरूनच. हा माणूस इतका गोड हसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लिनेओनं तो खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाली, दारासमोरच्या भिंतीवर हाच लावायचा.

तुमची भाची,
मामोलेफी

ता. क. ज्याचं तोंड दिसतं त्याची परवानगी हवी आणि फोटोखाली त्याचं नाव हवं, असा लिनेओचा नियम आहे. सासऱ्यांचं नाव मी घेऊ शकत नाही, आणि विचारायला गेले तर मी कुठे होते ते कळेल. माझ्या लग्नात त्यांनी आपल्याला द्यायच्या गाईंवरून तुम्ही त्यांच्याशी सबंध दिवस भांडला होतात, तुम्हाला ते अजून घाबरतात. फोटो सोबत आहे. जा, हो म्हणवून घ्या आणि मागे नाव लिहा.

आणखी एक. फोटो कुणी काढला विचारलं तर लिनेओनं म्हणा. भिंतीवर मात्र नाव माझं लागणार.

आणि आढेवेढे घेतले तर एवढंच म्हणा, की विहीणबाईंनी तुमचं तळण बंद केलंय ना. उत्तर गुरुवारपर्यंत हवं. 'नाही' मिळालं तर ते मला कळवू नका, परत जाऊन 'हो' आणा. शुक्रवारी सकाळी खिळा ठोकायचाय.